ड्रोन बदलण्याआधी एकदा उसावर उडवा

लग्नसराई ओसरली आणि हातात चार पैसे आले की ड्रोनने लग्नं शूट करणाऱ्या मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मथितार्थ असा: ‘जुना ड्रोन काढून टाका. मेगापिक्सेल जास्त, ‘के’ जास्त, एमबीपीएस जास्त, तेवढं चित्र भारी. खात्री नसेल तर युट्यूबवर दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघा, फरक डोळ्यांनाच दिसतो.’ नवा ड्रोन घेऊच नका असं मी म्हणत नाही, मीही घेतलाय. पण चित्र पारखायची ही रीत भलतीच आहे.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकू. ४के व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलची. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यालाही तेवढे पुरून उरतात. डीजेआय कंपनीच्या २०२० च्या मॅव्हिक एअर २ ड्रोनवर ४८ मेगापिक्सेल छापलेले होते, २०१८ च्या मॅव्हिक २ प्रोवर २०. पण पहिल्याचा सेन्सर (लेन्समागचा उजेड टिपणारा भाग) अर्ध्या इंचाचा, दुसऱ्याचा एक इंचाचा. (हा ‘इंच’ पट्टीने मोजायला जाऊ नका. ते जुन्या ट्यूब कॅमेऱ्यांच्या काळातलं माप आहे, एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो.) दिवेलागणीला वरात निघाली की अंधाऱ्या भागात दाणे किती येणार, ते सेन्सरवर किती उजेड पडतो त्यावर ठरतं, आणि मोठ्या सेन्सरवर तो जास्त पडतो.

आता ‘के’, म्हणजे फ्रेमच्या रुंदीत साधारण किती हजार पिक्सेल. याला तोच मॅव्हिक २ प्रो उत्तर देतो. त्यात ४के चे दोन पर्याय होते: एक सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारा, दुसरा पूर्ण रुंदी घेणारा. ड्रोन एक, कार्ड एक, फाइलवर आकडाही एकच. तरी रुंद पर्यायात झाडांची पानं मऊ, एकमेकांत मिसळल्यासारखी यायची आणि मधल्या भागात सुटी सुटी. ५.१के सारख्या जास्त ‘के’ चा फायदा नाही असं नाही. एडिटिंगमध्ये फ्रेम थोडी सरकवायला, कापायला जागा मिळते. मात्र ज्या गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर १०८०पी द्यायचंय, त्याच्यासाठी हा फायदा फार तर तुमच्या एडिटरचा.

एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट डेटा लिहिला जातो त्याचा, आकडा तर एकटा वाचायचाच नसतो. त्याच कंपनीच्या मिनी २ वर १०० आणि मॅव्हिक २ प्रोवरही १००. दोन्ही मिनिटाला साधारण ७५० एमबी खातात. पण मिनी २ फक्त एच.२६४ या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) लिहितो, मॅव्हिक २ प्रो एच.२६५ मध्येही लिहितो, आणि तेवढ्याच जागेत एच.२६५ जास्त तपशील टिकवतो. शिवाय मॅव्हिक २ प्रोमध्ये १०-बिट लॉग (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिकट ठेवलेलं रेकॉर्डिंग) आहे: प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या. मावळतीच्या आकाशावर ग्रेडिंग करताना, म्हणजे रंग सुधारताना, पट्टे पडतात की नाही, ते इथे ठरतं. वर सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम्स लावल्या आणि बिटरेट तोच राहिला, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला निम्माच डेटा येतो.

खरी गोची युट्यूबची आहे. आपण चढवलेली फाइल तिथे नव्याने दाबली जाते. तीच क्लिप ४के मध्ये चढवली तर बरी दिसते आणि १०८०पी मध्ये चढवली तर पिठूळ, त्यात ड्रोनचा काय दोष? वर तुलना करणाऱ्याने जुना ड्रोन ऑटोवर आणि भर दुपारी उडवलेला असतो, नवा मात्र एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी गडद काच) लावून, कोवळ्या उन्हात. दोन्हींचं शार्पनिंग किती, ते कोणी सांगत नाही. हे सगळं आपण बघणार मोबाईलवर, आणि तिथे शार्पनिंग वाढवलेली क्लिप नेहमीच जिंकते. तीच टीव्हीवर लावा, कौलांच्या कडांना पांढऱ्या रेघा दिसतील.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे उडवणारा. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर साधारण १/५० सेकंद हवं. कडक ऊन, आयएसओ १०० आणि एफ/२.८ म्हटलं की शटर १/३२०० च्या आसपास जातं. सहा स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा एनडी ६४. तो न लावता उडवलं की पॅन करताना चित्र तुटक, थरथरतं दिसतं आणि आपण म्हणतो, कॅमेरा जुना झाला. २०१६ मध्ये फँटम ४ वरून मॅव्हिक प्रोवर गेलेल्या अनेकांना नवं फुटेज धूसर वाटलं होतं. फँटम ४ चा फोकस कायमचा अनंतावर होता, मॅव्हिक प्रोला स्क्रीनवर टॅप करून फोकस द्यावा लागायचा.

मग पारखायचं कसं? नवा ड्रोन एक दिवस भाड्याने आणा. दोन्ही एकाच जागी, एकाच उंचीवर, पाठोपाठ उडवा. व्हाइट बॅलन्स आणि शटर हाताने लावा, शार्पनिंग शून्यावर ठेवा. दृश्य सोपं निवडू नका. वाऱ्यावर हलणारा ऊस घ्या: हजारो बारीक पाती, प्रत्येक वेगळी हलते, त्यात भलेभले कोडेक घाम गाळतात. दुसरं दृश्य दिवेलागणीच्या गल्लीचं. कार्डावरची मूळ फाइल मोठ्या मॉनिटरवर शंभर टक्क्यांवर बघा. रिमोटच्या स्क्रीनवर विसंबू नका, मिनी २ चा लाइव्ह व्ह्यू तर ७२०पी चाच आहे.

मी हेच केलं. दुपारच्या उसात जुनी क्लिप कुठली आणि नवी कुठली, हे माझ्या एडिटरला दोनदा चुकलं. संध्याकाळच्या गल्लीत त्याने पहिल्याच सेकंदाला ओळखलं: जुन्यात कठड्यावर बसलेल्या माणसांचे चेहरे मेणाचे झाले होते. माझी निम्मी कामं वरातीची, म्हणून मी बदलला. शेताची आणि प्लॉटची कामं करणाऱ्या मित्राने तोच निकाल पाहून एनडी फिल्टरचा संच मागवला.