डिग्री कमी लागली

रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक लेंगा फिरला. पांढरा, इस्त्रीचा, बसायच्या जागी दहा-बारा भोकं पडलेला. सचिवांनी तो खिडकीकडे धरून उजेडात पाहिला, खजिनदारांनी एका भोकात करंगळी घालून पाहिली, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. लेंगा आप्पांचा. आरोपी मी.

यवतेश्वरच्या पायथ्याशी आमची बंगल्यांची सोसायटी आहे आणि फाटकापासून मागच्या ओळीपर्यंत चांगलाच चढ आहे. ज्या घाटात सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी गावोगावची माणसं पैसे भरून पळायला येतात, त्याच घाटाखाली राहून आमच्या लोकांना भाजीची पिशवी घेऊन तेवढा चढ चढवत नाही. म्हणून ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी सहा सीटची बग्गी घेतली. जुनीच, गोल्फच्या मैदानावर फिरतात त्यातली. सपाट हिरवळीवरून थेट यवतेश्वरच्या चढाला लागली, तिचंही नशीबच. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून देखभाल माझ्याकडे. मराठी शिकवत असतो तर सुटलो असतो.

बग्गी आली त्या दिवशी काय थाट होता! नारळ, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, कंदी पेढ्यांचे बॉक्स. खर्चाचं व्हाउचर सचिवांनी उभ्या उभ्या सही करून पास केलं. पुढे खंडेनवमीला पुन्हा तेच. चार्जर चालू असताना एक वहिनी उदबत्तीचा जुडगा घेऊन सीटखाली वाकल्या. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे विस्तव नेऊ नये, हे मी ओरडून सांगितलं तर म्हणाल्या, "सर, देवाधर्माचं तुम्हाला पहिल्यापासूनच वावडं आहे." हळदकुंकू स्टिअरिंगला लागलं, बॉनेटला लागलं, आरशाला लागलं. ज्या सहा बॅटऱ्यांच्या जिवावर ती गाडी चालते, त्यांच्याकडे बघायला कुणी सीट उचलली नाही.

सीट मी उचलतो. खाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. एकेकीला चार खण, म्हणजे एकूण २४ झाकणं. प्रत्येक झाकण उघडायचं, आत डोकावायचं, शिशाच्या प्लेटा ॲसिडच्या पाण्यात बुडालेल्या आहेत का बघायचं आणि कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचं. तेही रात्रभर पूर्ण चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना आतलं पाणी फुगतं. प्लेटा उघड्याच पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील इतपत घालायचं, वर एक थेंब नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साठते, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची. (हा सोडा आमच्या स्वयंपाकघरातून जातो. "भज्यांना नाही पण बॅटरीला आहे," असं हिने पाहुण्यांसमोर दोनदा ऐकवलंय.) मग नट आवळायचे, कारण ढिला नट तापतो. कंबर आवळायला मात्र कुणी येत नाही.

येतात ते आप्पा.

आप्पांची हयात दूध संकलन केंद्रात गेली. पहाटे चारला उठायची सवय सुटली नाही आणि तपासायला दूध उरलं नाही, त्यामुळे आता ते माणसं तपासतात. मी सीट उचलली की पाच मिनिटांत पाठीमागे चपलांचा आवाज येतो, तंबाखू चोळल्याचा वास येतो आणि मग प्रश्न येतो.

"सर, ह्ये काय घालताय?"

"डिस्टिल्ड वॉटर, आप्पा."

"म्हंजे पाणीच की."

"शुद्ध केलेलं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, लोह असतं, क्लोरीन असतं. त्यानं प्लेटा खराब होतात."

आप्पांनी तंबाखू खालच्या ओठात सरकवली. चेहऱ्यावर सगळ्या सातारा शहराचा अपमान झाल्याचा भाव.

"आवं सर, कासचं पाणी हाय त्ये! आख्खं सातारा पितंय. मानसाला चालतंय आन् बॅटरीला चालत न्हाय? कोन लागून गेली ती बॅटरी?"

याला उत्तर नसतं. मी त्यांना फक्त बोटातली पुष्कराजाची अंगठी काढून मग हात घाला म्हणालो, कारण दोन टर्मिनलांमध्ये अंगठी टेकली तर ती क्षणात लालभडक होते, बोटासकट. आप्पा म्हणाले, "गुरू कमजोर हाय माझा, काढता येत न्हाय." आणि अंगठीचाच हात आणखी आत घातला. मी हात धरला तर, "सर, वडीलधाऱ्याचा हात धरताय?"

पण खरी गंमत हायड्रोमीटरच्या दिवशी झाली. एक बॅटरी संशयास्पद वाटत होती म्हणून मी गॅरेजमधून हायड्रोमीटर मागून आणला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी आकड्यांची काडी. फुगा दाबून सोडला की ॲसिड नळीत चढतं, काडी तरंगते, त्यावर घनता वाचायची. खण पूर्ण चार्ज असेल तर १.२६५ किंवा थोडं वर. आप्पांनी ती नळी पाहिली आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले.

"लॅक्टोमीटर!"

"नाही आप्पा, हे हायड्रोमीटर. दुधातलं पाणी पकडायच्या तुमच्या नळीचं आणि याचं तत्त्व एकच..."

"मला सांगता? जल्म गेला माझा यात. बगू, किती लागली डिग्री?"

त्या दिवशी आप्पा पहिल्यांदा शिस्तीत उभे राहिले. मी आकडा वाचायचा, त्यांनी मान डोलवायची. १.२६५. "चांगलं हाय." १.२६०. "चालतंय." १.२७०. "म्हशीचं दिसतंय." चौथ्या बॅटरीच्या तिसऱ्या खणात काडी बुडाली, १.१८०.

आप्पांचा चेहरा बदलला. आवाज एकदम सरकारी झाला.

"ह्यात पाणी मारलंय."

"आप्पा, सगळ्यांतच पाणी घातलेलं आहे. तेच तर काम आहे. हा खण चार्ज धरत नाही. ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसलं की घनता कमी लागते."

"सर, आमच्याकडं येनारा परत्येक गवळी बी असंच काय तरी सांगायचा. म्हशीनं चारा खाल्ला न्हाय, थंडी हाय, सल्फेट बसलं. डिग्री घसरली की आमी क्यान परत करायचो. बास."

"ही बॅटरी परत नाही करता येत, वॉरंटी संपलीय."

"मग पाणी कुनी मारलं?"

"मी!"

"बगा, तुमीच कबूल झाला!"

संध्याकाळपर्यंत फाटकाजवळच्या बाकावर बातमी पोचली होती की सर बॅटरीत पाणी मारतात. ज्यांनी जन्मात बॅटरीचं झाकण उघडलं नाही तेही मला बघून "काय सर, आज किती लिटर?" असं हसून विचारू लागले. हसायला माझी हरकत नाही. पण तो खण का मेला, याची चौकशी कुणी केली नाही. मी करतो. रोज रात्री मी चार्जर लावून जातो आणि सकाळी बटण बंद असतं. सोसायटीचं लाइट बिल वाचवायला कुणीतरी पुण्यात्मा मध्यरात्री उठून ते बंद करतो. असल्या बॅटऱ्या अर्धवट चार्जवर राहिल्या की प्लेटांवरचं सल्फेट घट्ट होत जातं आणि मग ते निघत नाही. वाचले असतील महिन्याला शे-दोनशे रुपये. एक बॅटरी कितीला येते हे त्या पुण्यात्म्याला विचारायची माझी इच्छा आहे. तो मीटिंगला माझ्या समोरच बसतो आणि लेंग्याच्या भोकात करंगळी घालतो, एवढंच सांगतो. नाव कशाला घ्या.

तर लेंगा. मी एका लग्नाला कऱ्हाडला गेलो होतो. आप्पांच्या मनात ती डिग्री सलत होती. त्यांनी वॉचमनला हाताशी धरलं, बागेचा पाइप ओढला आणि चोवीसच्या चोवीस खण काठोकाठ भरले. कासच्या पाण्याने. चार्जिंगच्या आधी. वॉचमनने मला हे शपथेवर सांगितलंय. "आप्पा म्हनले, सर हात आखडून घालतात, म्हून डिग्री लागंना." रात्री चार्जर लागला, नेमका त्याच रात्री कुणी बंद केला नाही. पाणी फुगलं, उकळ्या फुटल्या, झाकणांतून ॲसिड बाहेर आलं आणि सीटखालच्या कडांवर पसरलं. सकाळी आप्पा आपली कामगिरी बघायला गेले, सीट उचलली आणि ऐसपैस त्याच ओल्या कडेवर टेकून बसले. सल्फ्युरिक ॲसिड सुती कापडावर आधी काहीच दाखवत नाही. लेंगा धुतला की मग कापड विरतं आणि भोकं पडतात. तोवर दोन दिवस गेलेले, म्हणजे गुन्हा आणि पुरावा यांच्यात पुरेसं अंतर पडलेलं.

मधल्या काळात बग्गी भर चढावर थांबली. आत आप्पाच. मागे मी, वॉचमन आणि इस्त्रीवाल्याचा पोरगा ढकलतोय. गाडी ढकलायची तर सीटखालचं बटण 'रन'वरून 'टो'वर करायचं असतं, नाहीतर आतला कंट्रोलर जळू शकतो. त्यासाठी आप्पांना दोन मिनिटं उठायला सांगितलं. "चढावर म्हाताऱ्या मानसाला उतरवता व्हय?" शेवटी त्यांच्या मांड्यांमधून हात घालून मी बटण फिरवलं. कुणीतरी नेमका तेवढाच फोटो काढला. तो सोसायटीच्या ग्रुपवर आहे, खाली अठरा अंगठे आणि एक हात जोडलेला.

मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगायला उभा राहिलो. सचिव म्हणाले, "सर, लेक्चर नको. पाणी घालता की नाही, एवढंच सांगा."

"घालतो."

"झालं तर मग."

मग त्यांनी पेट्रोलचा विषय काढला. पेट्रोलची घेतली असती तर ही पाण्याची भानगडच नव्हती, म्हणे. बरोबर आहे. मग इंजिनचं ऑइल बदला, एअर फिल्टर झटका, स्पार्क प्लग काढून पुसा, पट्टा सैल झालाय का बघा, पेट्रोलच्या नळीला चीर गेलीय का बघा. शिवाय त्या गाडीचं इंजिन पायाखालचं पेडल सोडलं की आपोआप बंद होतं आणि दाबलं की चालू. म्हणजे प्रत्येक वळणावर आप्पा "बंद पडली, बंद पडली" ओरडणार आणि मी पळणार. ब्रेक तर दोन्हींना लागतात. ते बघा म्हणून मी तीन मीटिंगा सांगतोय, या चढावर ब्रेकचे लायनर किती दिवस टिकणार? टायरमध्ये हवा वीसेक पौंड पुरते, तर वॉचमन हायवेवरून स्कूटरच्या हिशेबाने पस्तीस मारून आणतो आणि मागच्या सीटवरच्या काकू गचके खाऊन मला शिव्या घालतात. हे ऐकायला कुणाला वेळ होता? त्यांना लेंग्याचा निकाल लावायचा होता.

निकाल लागला. आप्पांना नवीन लेंगा सोसायटीच्या खर्चाने. एकमताने. माझं डिस्टिल्ड वॉटरचं व्हाउचर मात्र तिसऱ्यांदा परत आलं. एक तर "पाणी विकत कशाला?" असा खजिनदारांचा शेरा, आणि दुसरं म्हणजे बिलावर दुकानाचा शिक्का नाही. मी ज्या बॅटरीवाल्याकडून कॅन आणतो तो चिठोऱ्यावर पेनने आकडा लिहून देतो, शिक्का त्याच्याकडे नाही. पेढ्यांच्या बिलावर शिक्का होता का, हे मी विचारलं नाही, कारण तोवर चहा आला होता.

पोवई नाक्याकडे एक दुकान शोधून ठेवलंय. तिथे छापील बिल मिळतं, गोल शिक्का मिळतो, सही मिळते. कॅन वीस रुपयांनी महाग आहे.