सायप्रिनससाठी एवढी महागडी काठी?

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. डेन्व्हरच्या साऊथ प्लॅट नदीत गुडघाभर पाण्यात मी, हातात पाच किलोचा कॉमन कार्प मासा. इंदापूरहून दादाचं उत्तर लगेच: “अरे हा तर सायप्रिनस! बाहेरून आणून सोडलेला, चिखल उकरणारा. आणि परत सोडलास? मग धरलास कशाला?” खाली सातजण हसले.

हसण्याचं सोडा, मला ते ‘बाहेरून’ लागलं. दादाला आपला वाटणारा रोहू तरी उजनीत कुठून आला? गंगेकडचाच ना? इथेही तीच तऱ्हा. डेन्व्हरचे ट्राउटवाले, म्हणजे थंड पाण्यातला ट्राउट मासा धरणारे, कार्पचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांचा लाडका ब्राउन ट्राउट 1883 मध्ये जर्मनीहून अंड्यांच्या रूपात आला. कार्प त्याच्याही आधीचा. 1877 मध्ये सरकारनेच जर्मनीहून 345 मासे मागवून बाल्टिमोरच्या तळ्यांत ठेवले, लोकांना खायला म्हणून. पुढे तोच कचरा ठरला. तो पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, हे खरं. एवढं मी मान्य करतो, पण ग्रुपवर नाही.

दादाने तो फ्लायवर, म्हणजे गळाला बांधलेल्या पिसा-दोऱ्याच्या खोट्या माशीवर, कधी धरलेला नाही. आरईआय या भटकंतीच्या सामानाच्या दुकानाखाली, चेरी क्रीक हा ओढा नदीला मिळतो तिथे, सकाळी हा डोकं खाली, शेपूट वर करून चरत असतो. पायाखालचा दगड वाजला की पसार; त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांची साखळीच आहे. माशी तोंडापुढे वीतभर अंतरावर, आवाज न करता बुडवायची. त्याने ती तोंडात घेतली तरी दोऱ्याला काही कळत नाही. मिशा वळतात, फिकट ओठ एकदा उघडमिट होतो, तेवढ्यात काठी उचलायची. मग सगळा दोरा संपवून खालचं बॅकिंग, म्हणजे रिळावरचा राखीव दोरा, दिसेपर्यंत पळतो. उन्हाळ्यातल्या ज्या कोमट पाण्यात ट्राउट धापा टाकतो, तिथे हा मजेत. आता तर ट्राउटवाल्यांचीच संघटना इथे ‘कार्प स्लॅम’ ही कार्प धरायची स्पर्धा भरवते, नदीसाठी पैसे उभे करायला. घ्या!

हे सगळं दादाला लिहून काढलं आणि पाठवलं नाही. गेल्या खेपेला भिगवणला जेवायला गेलो होतो. वाढप्याने विचारलं, “पाहुणे कुठले?” मी ठसक्यात म्हणालो, “इंदापूरचेच की!” ताटात रश्श्यातला सायप्रिनस आला. वर्षाला साठ-सत्तर कार्प धरणारा मी दुसऱ्याच घासाला काटा लागून खोकत बसलो. दादा काही बोलला नाही. माझं ताट पुढ्यात ओढलं आणि एकेक काटा काढून द्यायला लागला.