“कीव येते” असं लिहिणाऱ्या वाचकास

३ जुलैला, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या प्रेषित थॉमसच्या सणाच्या दिवशी, मी त्याच्यावर लेख लिहिला. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी तिचा मजकूर थोडक्यात देतो. थॉमस भारतात आल्याचा पहिल्या शतकातला एकही लेखी पुरावा नाही. त्याने केरळातल्या नंबुद्री ब्राह्मणांना बाप्तिस्मा दिला ही गोष्ट काळाशी जुळत नाही. चेन्नईचं मैलापूर आणि इटलीतलं ओर्तोना, अशा दोन ठिकाणी एकाच माणसाची कबर कशी? आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: “कुठल्याशा राजाचा महाल बांधायला आलेल्या सुताराची ही भाकडकथा शिकल्यासवरल्या माणसाने छापावी, आणि तीही पोर्तुगीजांनी बाटवलेल्या वसईकराने, याची कीव येते.” वर ताजा कलम: “तुमच्या थॉमसला निदान संशय तरी यायचा.”

तीन मुद्दे आणि एक शिवी. मुद्दे सभ्य शब्दांत मांडता येतात हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण पहिले तीन तुम्ही तसेच मांडलेत. मग चौथ्या वाक्याची गरज काय होती? पण सगळा जोर तुम्ही त्याच वाक्यावर दिलात, तेव्हा मीही त्यावरच बोलणार आहे.

त्याआधी तुमचं जे बरोबर आहे ते बरोबर म्हणतो. पालयूरच्या नंबुद्रींची गोष्ट पहिल्या शतकातली म्हणून टिकत नाही. नंबुद्री केरळात स्थिरावले ते त्यानंतर कितीतरी उशिरा, हे इतिहासकार सांगतात आणि मला ते पटतं. थॉमस केरळात उतरल्याचं इसवी सन ५२ हे सालही परंपरेने दिलेलं आहे, कुठल्या शिलालेखाने नाही. माझ्या लेखात या दोन्ही ठिकाणी “परंपरा सांगते” असे शब्द आहेत. घाईत ते तुमच्या नजरेतून सुटले असावेत.

आता भाकडकथा. थॉमसच्या प्रवासाची कथा ज्या सिरियाक ग्रंथात आहे तो तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, आजच्या तुर्कस्तानातल्या एदेस्सा नगराच्या परिसरात लिहिला गेला. त्यात हब्बान नावाचा व्यापारी सुताराच्या शोधात येतो, थॉमसला विकत घेतो आणि गोंडोफर्नीस राजाकडे घेऊन जातो. महालासाठी मिळालेले पैसे थॉमस गोरगरिबांना वाटून टाकतो. राजा त्याला तुरुंगात घालतो. तेवढ्यात राजाचा भाऊ मरतो आणि परत जिवंत होऊन सांगतो की, तो महाल मी स्वर्गात पाहिला. हे शब्दशः घडलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ही भक्तीने सांगितलेली गोष्ट आहे, चमत्कारांनी भरलेली. आपल्या संतांच्या चरित्रांतही असे प्रसंग भरपूर आहेत. तेवढ्यावरून ज्ञानेश्वर झालेच नाहीत असं कोणी म्हणत नाही.

पण त्या राजाचं काय? शतकानुशतकं युरोपातले विद्वान धरून चालले होते की गोंडोफर्नीस हे काल्पनिक पात्र आहे, कारण त्या कथेबाहेर त्याचा मागमूस लागत नव्हता. मग १८३० च्या दशकात अफगाणिस्तानात चार्ल्स मॅसनने जमवलेल्या ढीगभर नाण्यांत त्याचं नाव निघालं. पुढे पेशावरच्या खोऱ्यात तख्त-इ-बाहीचा शिलालेख मिळाला. तो आज लाहोरच्या संग्रहालयात आहे. त्यावर राजाच्या कारकिर्दीचं २६ वं वर्ष आणि संवत्सर १०३ कोरलेलं आहे. विक्रम संवत धरला तर इसवी सन ४६ च्या आसपासचा काळ येतो, म्हणजे थॉमस जिवंत असण्याचाच काळ. जो राजा पुढे जगाच्या आठवणीतून पुसला गेला, त्याचं नाव आणि त्याचा काळ हजारो मैल दूरच्या एदेस्सातल्या लेखकाला दीडदोनशे वर्षांनी अचूक कसा सापडला? व्यापाऱ्यांकडून नाव ऐकलं असेल, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण मग त्याच वाटेने व्यापारी जात-येत होते आणि त्यांच्याबरोबर येशूच्या गालील प्रांतातला एक माणूस जाऊ शकत होता, एवढं तरी तुम्हाला मान्य करावं लागेल.

गोंडोफर्नीसचं राज्य वायव्येला होतं, केरळात नाही, हे मला माहीत आहे. थॉमस आधी पश्चिम भारतात आला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिणेला पोचला, असं पोप बेनेडिक्ट सोळावे २००६ च्या सप्टेंबरात बोलले, तेव्हा केरळात केवढी नाराजी झाली होती. केरळाचा दावा वेगळ्या आधारावर उभा आहे: समुद्राच्या. पावसाळी वारा धरून तांबड्या समुद्राच्या तोंडावरच्या ओकेलिसहून ४० दिवसांत केरळातलं मुझिरिस बंदर गाठता येतं, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्याच शतकात लिहून ठेवलं. मुझिरिसच्या मालाच्या कर्जाचा दुसऱ्या शतकातला करार व्हिएन्नात जपलेला आहे. कोडुंगल्लूरजवळ पट्टणमच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले. मिरीसाठी दरसाल जहाजं येत होती. त्यातल्या एकात थॉमस होताच, असं सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही. नव्हताच, हे मात्र तुम्ही छातीठोकपणे सांगता. कशावरून?

“शिकल्यासवरल्या माणसाने” हा शब्दप्रयोग मला सगळ्यांत जास्त लागला. मी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. अस्सल कागद आणि ऐकीव गोष्ट यातला फरक मी मुलांना शिकवला आहे, तो तुम्ही मला शिकवू नये. पण इतिहास फक्त कागदात असतो असं मी मुलांना कधी सांगितलं नाही. माझी थोरली बहीण कोट्टयमकडच्या घरात दिली आहे. पवित्र गुरुवारी त्या घरी मी बसलो आहे. घरातला कर्ता पुरुष बिनखमिराचा पेसहा अप्पम मोडतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाला देतो. ही यहुदी वल्हांडणाची सावली घराघरांत कधीपासून उतरली, याचा दाखला कुठल्या दप्तरात नाही. म्हणून ती रीत भाकड ठरते का? माझ्या भाचरांच्या हातावर तो तुकडा पडताना मी पाहिला आहे. त्या लोकांची श्रद्धा म्हणजे घराण्याची बढाई मारण्यासाठी रचलेला बनाव, असं कोणी मला ऐकवलं तर मी गप्प बसणार नाही.

आता “पोर्तुगीजांनी बाटवलेल्या वसईकराने”. हे तुम्ही विचार न करता लिहिलंत, असं मी मानायला तयार आहे. पण लिहिलंत तर ऐका.

पोर्तुगीजांनी वसईत जबरदस्ती केली, हे मी नाकारत नाही, कधीच नाकारलेलं नाही. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्यानंतर आमच्या पूर्वजांवर पोर्तुगीजांचा धाक उरला नव्हता. परत फिरायचं असतं तर वाट मोकळी होती. ते मराठ्यांच्या राज्यात, मराठी बोलत, शेती-बागायती करत ख्रिस्ती राहिले. त्या निर्णयाला तुम्ही कोणत्या शब्दाने हाक मारणार? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वखुशीने धर्म जपला त्यांच्या नातवंडांना आज “बाटवलेले” म्हणणं हा उद्धटपणा आहे.

आणि थॉमसचा वारसा पोर्तुगीजांचा कधी झाला? त्याच्या नावाने जगणारे केरळातले ख्रिस्ती पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. ८४९ च्या कोल्लमच्या ताम्रपटात चर्चला दिलेल्या हक्कांची नोंद आहे, साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत. या लोकांवर पोर्तुगीजांनी काय केलं ते वाचा. १५९९ मध्ये आर्चबिशप मेनेझिसने उदयम्पेरूरला धर्मसभा भरवून त्यांच्या चालीरीती बदलायला लावल्या, त्यांचे सिरियाक ग्रंथ जाळायला लावले. १६५३ मध्ये मट्टानचेरीला त्यांनी क्रूसाला दोर बांधून, तो दोर धरून, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंचा अंमल मानणार नाही अशी शपथ घेतली. थॉमसचं नाव घेणं म्हणजे पोर्तुगीजांची री ओढणं, असं तुम्ही समजता. इतिहास नेमका उलटा आहे.

आमच्या किनाऱ्याचाही पोर्तुगीजांआधीचा भाग तुम्हाला ठाऊक नसावा. सहाव्या शतकात कॉसमस या प्रवाशाने कल्लियाना बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचं नोंदवलं. हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात युरोपातून आलेल्या फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मप्रचारक मारले गेले, तेव्हा ते तिथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेतल्या, माणसाच्या घरी उतरले होते. फ्रायर जॉर्डेनसने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. सोपारा वसईपासून किती दूर आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. थोड्याच काळाने आलेल्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ठाण्यातली नेस्टोरियनांची १५ घरं मोजली. कल्याणचा तो बिशप आणि ठाण्यातली ही घरं त्या पूर्वेकडच्या ख्रिस्तसभेची, जी थॉमसला आपला प्रेषित मानते. ती घरं पुढे कुठे विरून गेली ते मी सांगू शकत नाही आणि माझ्या कुळाचा त्यांच्याशी संबंध आहे असा दावाही करत नाही. पण वसईच्या माणसाला थॉमसचा पुळका कशाला, हा प्रश्न ज्याला कल्याण-ठाणे-सोपारा माहीत आहे तो विचारणार नाही. आमच्या वसईतल्या सांडोरच्या चर्चला त्याचंच नाव आहे.

ताज्या कलमाबद्दल एवढंच. येशू मरणातून उठला यावर जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं थॉमस म्हणाला, हा संशयाचा तेवढा एक प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. योहानाच्या सुवार्तेत त्याआधी तो आणखी दोनदा बोलतो. यहुदियात येशूला दगडमार होणार या भीतीने बाकीचे मागे ओढत होते, तेव्हा आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असं म्हणणारा हाच होता. असा माणूस घरापासून इतक्या लांब जाऊन भाल्याने मारला गेला, ही परंपरा मला त्याच्या स्वभावाला धरून वाटते. पुरावा म्हणून हे मी तुमच्यापुढे ठेवत नाही. मला तो का प्रिय आहे, ते सांगतो आहे.

कबरींचं उत्तर सोपं आहे आणि तुम्ही शोधलं असतं तर मिळालं असतं. अस्थींचा काही भाग एदेस्साला आणला गेला, हे चौथ्या शतकातला सिरियाक कवी एफ्रेमच आपल्या गीतात सांगतो. तिथून त्या ग्रीसच्या खिऑस बेटावर आणि १२५८ मध्ये ओर्तोनाला गेल्या. मैलापूरची कबर मूळ जागेची, ओर्तोनाची अस्थींची. यावर लांबवण्यासारखं काही नाही. पहिल्या शतकातल्या लेखी पुराव्याचं म्हणाल, तर बारा प्रेषितांपैकी बहुतेकांच्या शेवटाबद्दल तो नाही. मग एकट्या थॉमसच्याच बाबतीत कीव का?

तुमची प्रतिक्रिया मी पुसणार नाही, तशीच ठेवतो. पट्टणमबद्दल, ताम्रपटाबद्दल, कॉसमसच्या कल्लियानाबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन आणि उत्तर देईन. फक्त त्याआधी “बाटवलेल्या” हा शब्द मागे घ्या. माझ्या गावची माणसं हे पान वाचतात.