दगड बघायला मॉरिशसला

भूजल खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाशी जिचा संसार आहे, त्या बाईने सुट्टीला अशाच ठिकाणी जावं जिथे खडक म्हणून दिसणार नाही. बंगालचा गाळाचा प्रदेश उत्तम. राजस्थानातही वाळूचीच बाजू बघावी. ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटाचं तर नावच काढू नये. पण बेट आम्हाला निवडायचं नव्हतंच. ते मुलाने आणि सूनबाईने परस्पर निवडून, तिकिटं काढून, मगच आम्हाला सांगितलं.

सूनबाई पुण्यात आयटीत आहे, त्यामुळे आशीर्वाद घ्यायला वाकायच्या आधी तिने एक्सेलची शीट पाठवली. मॉरिशसमध्ये करायच्या गोष्टी. प्रत्येक ओळीपुढे वेळ, तिकीट आणि काय अंगात घालायचं ते. डॉल्फिन बघणे, समुद्राच्या तळाशी चालणे, पॅराशूटला लटकणे, विवर, सप्तरंगी माती, धबधबा. सगळ्यात खाली शेवटच्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'बीचवर आराम'. माझा डोळा तेवढ्या ओळीवर. ह्यांनी शीट चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे. विवर घातलंय." लग्न होऊन घरात आल्यापासून सुनेला मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्रक. वन्संही निघाल्या. दादा परदेशी जातोय आणि आपण साताऱ्यात बसून कुंड्यांना पाणी घालायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

विमानतळावरून हॉटेलकडे निघालो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. वन्संनी काच खाली केली, बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, एवढे पैसे भरून आपण कराडलाच आलोय का गं?" उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे भलेमोठे ढीग, काही तर चांगले पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. ह्यांनी "थांबवा" म्हणून गाडी थांबवली आणि उतरले. सामान डिकीत, आम्ही दोघी उन्हात, आणि हे ढिगाऱ्याशी.

आमचे ड्रायव्हर मराठी निघाले. म्हणजे पणजोबा कोकणातून गेलेले; स्वतः क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी झरझर बोलणारे, मराठी मात्र जपून, चांगल्या कपबशा काढाव्यात तशी वापरणारे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि मराठी मंडळी अजून कोकणातलं जाखडीचं नाच-गाणं करतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. त्या ढिगांचीही गोष्ट त्यांचीच. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले, तेव्हा म्हणे त्यांना सांगत, तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. दगड खरोखरच उलटावे लागले, शेतं मोकळी करायला, हातांनी. सोनं मळेवाल्यांना सापडलं. ते बोटीतून उतरले तो आप्रवासी घाट पोर्ट लुईला अजून आहे, युनेस्कोच्या यादीत आहे. सूनबाईच्या यादीत नव्हता. आम्ही तो मध्ये घुसवला, पॅराशूट कापून. माझ्या मते सौदा चांगला झाला. त्या दगडी पायऱ्यांपाशी वन्सं कधी नव्हे ते गप्प उभ्या राहिल्या. ह्यांनी पायरीवर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "बेसाल्ट."

इथे मला त्या शब्दाबद्दलची माझी तक्रार नोंदवायची आहे. बेसाल्ट म्हणजे आपला साधा काळा कातळ. अजिंक्यताऱ्यावर तोच, यवतेश्वराच्या घाटात तोच, वेरूळची लेणी त्यातलीच, आणि आमच्या परसातल्या ज्या दगडावर मी आयुष्यभर धुणं आपटलं तोही तोच. मॉरिशसही सगळं त्याचंच. पण ह्यांचं म्हणणं याहून भयंकर आहे. दोन्हीकडचा दगड एकाच भट्टीतला! पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हिंदुस्थान तिच्यावरून सरकत होता तेव्हा आपलं दख्खनचं पठार ओतलं गेलं. मग आपण उत्तरेला निघून गेलो, जागा आपलं काम करत राहिली. मालदीव, चागोस, मग सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आता शेजारचं रियुनियन, जिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. "चूल तीच, तवे फक्त बदलतायत," असं ह्यांनी हॉटेलच्या नाश्त्याला आम्लेट करणाऱ्या मुलाला समजावून सांगितलं. मराठीत. मुलगा चांगल्या घरचा, मान हलवत राहिला. मागे रांग लागली होती.

डॉल्फिन. पहाटे अंधारात उठून पश्चिम किनाऱ्यावर तामारिनला जायचं, बोटीत बसायचं. डॉल्फिन दिसले, नाही असं नाही. पाठी दिसल्या. एक पाठ दिसली की आजूबाजूच्या सगळ्या बोटी त्या पाठीमागे धावायच्या, आणि पाठ दुसरीकडे निघायची. लग्नात जिलबीचं ताट घेऊन फिरणाऱ्या वाढप्याला मी अशी माणसं टाळताना बघितलंय. वन्संनी रुमालात तोंड घालून सबंध सफर काढली. आमचे हे डॉल्फिनांकडे पाठ करून किनाऱ्याचे डोंगर बघत होते. "हे सगळे सुळके म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे आहेत, कळलं का?" वन्संनी रुमालाआडून जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

समुद्राच्या तळाशी चालण्याचं मात्र मला भय होतं आणि ते रास्त होतं. डोक्यावर काचेच्या खिडकीचं जड टोप ठेवतात, वरून नळीने हवा सोडतात आणि शिडीवरून खाली उतरवतात. वाटाड्या मुलगा पाव देतो, मासे हाताला येऊन खातात, फोटो निघतो. फोटोत मी सती निघालेल्या बाईसारखी दिसते. ह्यांचा फोटोच नाही. जो आहे त्यात फक्त पाठ आहे, कारण हे वाकून तळ बघत होते.

आणि मग विवर. त्रू ओ सेर्फ. क्युरपिप नावाच्या गावात, भर वस्तीच्या वर. गाव थंड, पावसाळी, धुक्यात बुडालेलं, आपल्या महाबळेश्वरच्या धाकट्या जावेसारखं. कल्पना केली होती की खाली काहीतरी खदखदत असेल, निदान धूर. धूर निघाला तो कोपऱ्यावर भजी तळणाऱ्या बाईच्या कढईतून. विवर म्हणजे झाडीने भरलेला मोठा खोल गोल खड्डा, तळाशी गढूळ पाणी. कडेने गोल रस्ता, आणि त्यावर गावातले लोक ट्रॅकसूट घालून चालतायत. ज्वालामुखीच्या तोंडाभोवती मधुमेहाच्या फेऱ्या! "एवढंच?" असं वन्सं म्हणाल्या मात्र, ह्यांचा चेहरा लग्नात मानपान चुकल्यासारखा झाला. "हा झोपलेला आहे," ते म्हणाले. "झोपू दे की मग," वन्सं म्हणाल्या, "आपण भजी खाऊ." हे कठड्याला धरून उभे राहिले, पाऊस आला तरी. मी छत्री घेऊन शेजारी. नवऱ्याला असं एखाद्या खड्ड्याकडे बघताना बघणं हीसुद्धा संसारातली एक अवस्था आहे.

शामारेलची सात रंगांची माती खरंच सुंदर आहे. तिथे मी काही वाकडं बोलणार नाही. तांबडे, तपकिरी, जांभळट उंचवटे, लाटा गोठल्यासारखे, गवताचं पातंही नाही. लाव्हाचा दगड कुजून त्याची माती झाली, त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम वेगवेगळ्या रंगांचं होऊन बसलं. वर चालायला बंदी, आपण कुंपणाबाहेरून बघायचं. वन्संनी रंग मोजले, पाच भरले. दोन कमी आहेत म्हणून त्या तिकीटखिडकीवर विचारायला निघाल्या होत्या, त्यांना मोठ्या कासवांच्या कुंपणाकडे वळवलं. दुकानात त्याच मातीच्या काचेच्या नळ्या विकायला. ह्यांनी खात्यात असताना असले नमुने पोत्यांनी गोळा केले, आणि आता ते पाकिटातून मॉरिशसचे रुपये मोजून माती विकत घेत होते.

खाण्याचं सांगायला हवं. ढोल पुरी म्हणून गाड्यावर मिळते ती पिवळ्या डाळीचं पुरण भरलेली पोळीच, गुळाशिवाय. दोन-दोन देतात, मध्ये रस्सा, चटणी आणि मिरची. वन्संनी पहिला घास घेतला, ड्रायव्हरकडे बघून म्हणाल्या, "तूप?" बाकी तक्रार नाही. गंगा तलावालाही गेलो, तेही विवरच, पाण्याने भरलेलं, काठावर देवळं आणि १०८ फुटी शंकर. महाशिवरात्रीला लाखो लोक पायी येतात. मी हात जोडले. ह्यांनीही जोडले, पण कुणाला, ते विचारलं नाही.

शेवटी उगवली ती ओळ. बीचवर आराम. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी, माडाची सावली, आणि एक आरामखुर्ची, माझी. डोळे मिटले तोच कानाशी, "बेट काळं, मग वाळू पांढरी का, विचार." मी विचारलं नाही. तरी उत्तर आलं. ही प्रवाळाची वाळू, आणि तिच्यातला काही भाग पोपटमासे प्रवाळ कुरतडून मागच्या बाजूने टाकतात तो. मी उठून वाळूतला पाय झटकला आणि खुर्चीवर वर घेतला.

हे ऐकलं पलीकडच्या छत्रीतल्या कुटुंबाने. नाशिककडचे, टोप्यांवरून आणि चिवड्यावरून कळलंच होतं. "काका, तुम्ही जिऑलॉजीतले का?" एवढं पुरलं. पाच मिनिटांत ह्यांच्याभोवती सातआठ माणसं, ६.६ कोटी वर्षांपासून सुरुवात, वाळूत बोटाने काढलेला नकाशा, वन्सं सगळ्यांना चिवडा वाटतायत. मी मनात म्हटलं, चला, श्रोते मिळाले, आता तरी झोप मिळेल. एवढ्यात त्यांच्यातल्या वयस्कर काकूंनी इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न विचारला.

"ते सगळं खरं हो भाऊ. पण आमच्या सिन्नरच्या शेतात तीन बोअर मारल्या, तिन्ही कोरड्या गेल्या. पाणी लागेल का?"

हे पुढे सरकून बसले. पाठीमागे हिंदी महासागर. "गट नंबर काय तुमचा?"