देव सुटला, बाई अडकलेलीच

परवा श्रीरामपूरहून भाच्याचा फोन आला. "मावशी, तुमच्याकडं सगळे 'साक्रब्लू' म्हणतात का गं?" कुठल्याशा इंग्रजी कार्टूनमधला मिशीवाला फ्रेंच माणूस दर दोन वाक्यांनी तसं ओरडत होता. मला फ्रान्समधल्या लियोंमध्ये चौदा वर्षं झाली, पण रस्त्यावर, बाजारात, भांडणात हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. तो आता जुन्या पुस्तकांत उरलाय आणि परदेशी लोकांच्या डोक्यात.

त्याचं मूळ मात्र मी भाच्याला सगळं सांगितलं. 'साक्रे' म्हणजे पवित्र, 'ब्लू' म्हणजे निळा. निळ्या रंगाचा इथे काडीचा संबंध नाही. मुळात तिथे 'दियू' होता, म्हणजे देव. देवाचं नाव घेऊन शपथ वाहणं, शिवी हासडणं हे पाप होतं आणि गुन्हाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा १६६६ चा हुकूम असा, की आधी दंड, आणि तरी सवय जात नसेल तर ओठ कापा, शेवटी जीभ. मग लोकांनी शब्दाचं शेपूट तेवढं बदललं. देवाची आण 'पारब्लू' झाली, देवाच्या मरणाची 'मोरब्लू'. त्याआधीचा राजा चौथा हेन्री सारखा 'मी देवाला नाकारतो' म्हणायचा. त्याचे धर्मगुरू कोतों यांनी त्याला 'देवाऐवजी माझं नाव घ्या' असं सुचवलं, अशी आख्यायिका आहे. त्यातून 'जार्निकोतों' आला, म्हणजे 'मी कोतोंला नाकारतो'. पुढे १७९१ च्या दंडसंहितेत ईशनिंदा हा गुन्हाच उरला नाही.

हे सांगताना मला आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यातलं सौंदाळा आठवत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला: आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. तेव्हा घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. दंडानं कुठं तोंड सुधारतं, असं एका बाजूचं म्हणणं. साक्रब्लूकडे पाहिलं तर ते खरंही वाटतं. धाक आला की माणूस पळवाट काढतो. आपल्याकडचा 'शिंच्या' तसाच. कोकणातले आजोबा नातवाला लाडानं शिंच्या म्हणतात, पण तो 'शिंदळीच्या'चा, म्हणजे 'व्यभिचारी बाईच्या'चा, संक्षेप आहे. शब्द सौम्य झाला, तरी आतली बाई होती तिथेच राहिली.

तरीही मी सौंदाळ्याच्या बाजूची आहे. लुई देवाची अब्रू राखत होता, आणि देवाला त्याची गरज नव्हती. सौंदाळा राखतंय ती भांडणात नसलेल्या बाईची. दोन पुरुष बांधावरून भांडतात आणि घरात भाकरी थापणाऱ्या आईचा उद्धार होतो, हे मी लहानपणी ओट्यावर बसून ऐकलंय. तेव्हा आई मान खाली घालून भाकरी उलटायची.

फ्रान्सनंही हा हिशेब पुरा केलेला नाही. देव शिवीतून सुटला, पण आज इथे ज्याच्या त्याच्या तोंडी 'प्युतें' आहे, म्हणजे वेश्या. बस चुकली, प्युतें. चहा सांडला, प्युतें. मुलांसमोर मात्र अर्ध्यावर जीभ वळवून 'प्युनेझ' म्हणतात, म्हणजे ढेकूण. माझी लेक तेच शिकलीये, काल हातातून अंडं निसटलं तर "प्युनेझ!"

भाचा खूप हसला. मग म्हणाला, "मावशी, मग आम्ही पण ढेकूणच म्हणू का?"

"म्हण की," मी म्हटलं. "पाचशे रुपये वाचतील, आणि तुझ्या आईला ऐकू आलं तरी चालेल."