'पूर्वी माणसं शंभर वर्षं जगायची' म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या आजीला विचारा

परत तो मेसेज आला, आधी फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग शाळेच्या. थोडक्यात असा की पूर्वी फिल्टर नव्हते, लोक विहिरीचं पाणी प्यायचे, चुलीवरचं खायचे, बायका जात्यावर दळायच्या, बाळंतपणं घरीच व्हायची, लसीबिसी काही नव्हतं, तरी माणसं शंभर वर्षं ठणठणीत जगायची आणि एकमेकांना धरून असायची. आता सगळं आहे पण सुख नाही. दरवेळी सोडून देते, आज नाही सोडणार. माझी आजी नव्वदीत आहे, म्हणजे या मेसेजला हवं तसं उदाहरणच आहे, पण ती जे सांगते त्यातलं एक अक्षर यात नाही.

शंभर वर्षांचं आधी बघू. १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान होतं साधारण ३२ वर्षं, आज ते ७० च्या आसपास आहे. याचा अर्थ सगळे बत्तिशीत जायचे असा नाही, म्हातारी माणसं तेव्हाही होती, पण लहान पोरं इतकी जायची की सरासरीच खाली यायची. आजीला आठ झाली, जगली चार. पहिली दोन गेली म्हणून तिसऱ्याचं नाव ठेवलं धोंडू. आपल्याकडे धोंडू, दगडू, भिकू, केरू ही नावं उगाच नव्हती हो, आधीची मुलं गेलेली असायची म्हणून नवीन बाळाला दगडधोंड्याचं, केराचं नाव द्यायचं, म्हणजे त्याच्यावर कुणाची नजर जाणार नाही. आज तुमच्या ओळखीत असं नाव ठेवलेलं एक तरी बाळ आहे का?

घरच्या बाळंतपणाचंही तेच. नाळ विळ्याने कापायची, वर राख लावायची, आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढायचं बंद करायचं, अंग ताठ व्हायचं. आजीची दोन अशीच गेली. 'बाहेरचं लागलं' म्हणायचे. तो धनुर्वात होता. गरोदर बाईला टोचायला लागले, दवाखान्यात स्वच्छ ब्लेडने नाळ कापायला लागले, आणि २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. लसी नव्हत्या तर काय बिघडलं म्हणणाऱ्यांनी देवीचंही आठवावं, देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, त्याआधी देवीच्या व्रणांचे चेहरे गावोगाव होते.

आता विहिरीचं 'शुद्ध' पाणी. नारू हा शब्द आजकालच्या मुलांना माहीतच नाही, आणि मला त्याचा फार आनंद आहे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक आत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातल्या बारीक किड्यांमधून नारूच्या अळ्या पोटात जायच्या आणि साधारण वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, कधी कधी हातभरापेक्षाही लांब. आजीच्या भावाला झालेला. तो जंत काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, ओढला आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर आडवा, आणि हे नेमकं पेरणीच्या दिवसांत. आग होते म्हणून तोच पाय पाण्यात बुडवायचा की अळ्या परत विहिरीत. यावर ना लस होती ना औषध. फडक्याने पाणी गाळा, त्या विहिरी बंद करा, हापसे बसवा, एवढंच करत करत १९९६ ला देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आणि गावोगाव दिसणारा तो हापसा, इंडिया मार्क टू, आपल्या सोलापूरच्या पंपावरून सुधारून केलेला आहे, याचा अभिमान बाळगा की, त्याचा करा ना मेसेज!

चूल आणि जातं. चुलीवरच्या भाकरीला चव असते, मान्य, मलाही आवडते. पण आपण ती हॉटेलात खातो, आजीने पन्नास वर्षं फुंकणी फुंकली, तिचा खोकला अजून गेलेला नाही. आणि जात्याला व्यायाम म्हणणाऱ्याने पहाटे तीनला उठून दहा माणसांचं दळण दळून दाखवावं, मग दिवसभर शेतात जावं.

आज मधुमेह घरोघरी आहे, हे मात्र खरं. त्यासाठी चालायला जा, गोड कमी खा, त्यासाठी नारूची विहीर परत नको.

राहिलं माणसं जवळ असण्याचं. तेव्हा तार आली की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण चांगल्या बातमीला कोण पैसे घालून तार करणार. गेल्या महिन्यात माझ्या भावाला मुलगा झाला, तो असतो बंगळुरूला, आजीने दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर पणतू बघितला. फोन अगदी नाकाला लावून कितीतरी वेळ बघत बसली. नाव काय ठेवणार, कुणासारखा दिसतो, काही नाही, पहिलं विचारलं ते, "टोचलं का रे त्याला?"