इंदूरला जमतं, मग सांगलीला का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सांगलीच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याबद्दल मी लिहिलं होतं की आधी मोजा, मग बांधा. त्यावर मिरजेच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘खुर्चीत बसून आकडेमोड करणारे तुमच्यासारखे लोक नकारघंटा वाजवतात, म्हणून सांगली मागे राहिली. इंदूरला जमतं, मग सांगलीला का नाही? गॅस जमत नसेल तर जाळून वीज करा. समडोळी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या जुन्या ढिगांबद्दल तर तुम्ही चकार शब्द काढला नाही. लेखातले अर्धे शब्द सामान्य माणसाला कळत नाहीत.’

शेवटचं आधी घेतो. शब्द जड होते, मान्य. ‘बाष्पनशील घन पदार्थ’ असं लिहिण्यापेक्षा ‘सुकवलेला कचरा जाळल्यावर उडून जाणारा भाग’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आज तसंच लिहितो.

पण ‘खुर्चीत बसून’ हे मान्य नाही. ताडपत्रीवर ओतलेला कचरा मी स्वतःच्या हातांनी वेगळा केलेला आहे आणि रेतीने भरलेल्या डायजेस्टरचा (कचरा हवाबंद कुजवून गॅस काढणाऱ्या टाकीचा) तळ फावड्याने उपसताना तिथे उभा राहिलेलो आहे. मतभेद जरूर असावेत. मात्र ज्या माणसाचं काम तुम्ही पाहिलेलं नाही, त्याला एका ओळीत शहराचा वैरी ठरवायचं, ही बोलण्याची रीत नव्हे. सांगलीत प्रकल्प होऊ नये असं मी कुठे लिहिलं, ते वाक्य दाखवा. मी लिहिलं ते एवढंच, की गेटवर काय येतं आणि मागच्या दाराने निघालेलं, म्हणजे गॅस काढून उरलेलं, कोण घेतं, हे ठरल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नये.

आता इंदूर. तिथला देवगुराडियाचा बायो-सीएनजी (कचऱ्याच्या गॅसपासून सीएनजी करणारा) प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. क्षमता रोज 550 टन ओला कचरा, अपेक्षित उत्पादन रोज सुमारे 17,000 किलो सीएनजी. भागाकार करा: टनाला 31 किलो. हा आकडा खरा वाटण्यासारखा आहे, कारण नीट वेगळ्या केलेल्या एक टन ओल्या कचऱ्यातून साधारण 80 घनमीटर बायोगॅस निघतो आणि शुद्ध केल्यावर घनमीटरमागे सुमारे 400 ग्रॅम सीएनजी हाती लागतो. पण या हिशेबातला ‘नीट वेगळ्या केलेल्या’ हा भाग तुम्ही सोडून दिलात. इंदूरने घरोघरी वर्गीकरण आधी बसवलं, प्रकल्प त्यानंतर काही वर्षांनी आला. तुम्ही प्रकल्प मागता, वर्गीकरणाबद्दल एक अक्षर लिहीत नाही.

समजा सांगली-मिरज-कुपवाडसाठी 50 टनांचा प्रकल्प बांधला. कागदावर 50 गुणिले 31, म्हणजे रोज 1,550 किलो सीएनजी, आणि कर्जाचा हप्ता याच आकड्यावर बसवला. प्रत्यक्षात घंटागाडीतून आलेल्या ‘ओल्या’ कचऱ्यातले 10 टन पिशव्या, कापड, डायपर, काच आणि झाडलोटीची माती निघाले. राहिले 40 टन. त्यांनाही माती लागलेली, त्यामुळे गॅस टनाला 80 ऐवजी 60 घनमीटर. म्हणजे 2,400 घनमीटर आणि 960 किलो सीएनजी. हप्ता तेवढाच, विक्री तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी. शिवाय ते 10 टन उचलून परत डेपोवर नेण्याचा खर्च वेगळा.

आणि बिघाड होतो कसा, तेही पाहा. एक टन कचऱ्याला साधारण एक टन पाणी घालून रबडी करतात. 50 टनांना रोजची 100 घनमीटर रबडी, ती 25 दिवस आत राहायची, म्हणून टाकी 2,500 घनमीटरची. गटारातला गाळ आणि रस्त्याची झाडलोट त्याच गाडीत पडली की रेती तळाशी बसते. 500 घनमीटर रेती साचली की मुक्काम 25 वरून 20 दिवसांवर येतो. मग अर्धवट कुजलेलं बाहेर पडू लागतं, आंबट आम्लं वाढतात, सामू (आम्लता मोजायचा आकडा, pH) 6.5 च्या खाली जातो, मिथेन बनवणारे जिवाणू मंदावतात आणि गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड इतका वाढतो की ज्योत टिकत नाही. अशा वेळी चालक घाबरून चुन्याच्या गोण्या ओततात. पण पहिलं काम म्हणजे भरणं थांबवणं, सामू 7 च्या आसपास येईपर्यंत वाट पाहणं आणि मग ताज्या शेणाच्या रबडीसोबत थोडं थोडं भरत जाणं. पातळ पिशव्या ढवळणीच्या दांड्याला दोरखंडासारख्या गुंडाळतात. शहाळी क्रशर अडकवतात. रसवंतीचं चिपाड लवकर कुजत नाही, वर तरंगून जाड थर धरतं आणि त्याखाली गॅस कोंडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात शहाळी आणि चिपाड किती निघतं, ते विश्रामबागच्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं तरी कळेल. या दोन वस्तूंची गाडीच वेगळी हवी.

म्हणून मोजा म्हणतो. सलग 8 दिवस, वर्षातून तीनदा: एप्रिल-मे, भर पावसाळा आणि दिवाळीनंतर. प्रत्येक गाडी भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा काट्यावर. गावभाग, विश्रामबाग, कुपवाडची कामगार वस्ती, मंडई आणि हॉटेलं यांचे नमुने वेगवेगळे, एकत्र अजिबात करायचे नाहीत. ढिगाच्या आतून-बाहेरून 10 ठिकाणचे 10-10 किलो घ्यायचे, ताडपत्रीवर कालवायचे, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. 100 चे 50, 50 चे 25, 25 चे साडेबारा किलो. हा नमुना हाताने निवडायचा: भाजीपाला, उष्टं, शहाळी-चिपाड, कागद, प्लास्टिक, कापड, सॅनिटरी, काच, माती. प्रत्येकाचं वजन लिहायचं. ओल्यातला एक किलो 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा, मग तोच 550 अंशांवर जाळायचा. उरलेली राख म्हणजे जी कधीच गॅस देणार नाही ती वस्तू. पावसाळ्यातला नमुना टाळून काढलेला अहवाल माझ्या लेखी निरुपयोगी आहे, कारण पावसात भिजलेल्या कचऱ्याच्या वजनात पाण्याचा वाटा वाढतो आणि ठेकेदाराचं बिल टनावर निघतं.

मागच्या दाराचा प्रश्न तर सांगलीत इंदूरहून वेगळा आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. 50 टन कचरा आणि तेवढंच पाणी आत गेलं की रोज 90 टनांहून जास्त स्लरी (कुजून उरलेली पातळ रबडी) बाहेर येते, 10,000 लिटरचे नऊ-दहा टँकर. पिळून चोथा वेगळा केला आणि काही पाणी पुन्हा आत फिरवलं तरी सगळं फिरवता येत नाही, अमोनिया आणि क्षार साठत जातात. उरलेलं उसाला द्या, असं सहज म्हटलं जातं. पण जुलै-ऑगस्टमध्ये उसात टँकर शिरत नाही आणि कृष्णेत एक थेंबही सोडायचा नाही. म्हणजे किमान दोन महिन्यांच्या साठवणीचं तळं हवं. तेही पुराच्या रेषेबाहेर, कारण कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोका पातळी 45 फूट असताना 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलेलं आपण पाहिलं आहे.

त्यात वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांत क्षारपड जमिनी. उष्ट्या अन्नातलं मीठ गॅस बनत नाही, ते स्लरीत आणि खतातच राहतं. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, मीटरला 4 डेसिसायमनच्या वर चालत नाही, कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण) 20 च्या आत आणि 90 टक्के खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडलं पाहिजे. चाळणी काचेचे मोठे तुकडे अडवते, बारीक कच अडवत नाही. हळद काढणाऱ्या बाईच्या हाताला एकदा काच लागली की त्या गावात ते खत पुन्हा उतरणार नाही. द्राक्षवाला छाटणीआधी पैसे मोजून शेणखत घेतो, साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसातून निघालेला गाळ) हाताशी असते. त्यांच्यासमोर शहरी खत विकायचं असेल तर प्रत्येक लॉटसोबत क्षाराचा आणि शिसं-कॅडमियमचा तपासणी अहवाल लागेल. तो खर्च तुमच्या ‘का नाही’मध्ये कुठे आहे?

उदाहरणच हवं होतं तर इंदूरपर्यंत जायची गरज नव्हती. कऱ्हाड 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. तिथली गाडी घरासमोर कचरा कसा घेते, ते एकदा जाऊन पाहा.

जाळून वीज करण्याबद्दल एवढंच: अर्ध्याहून जास्त पाणी असलेला कचरा स्वतःच्या उष्णतेवर जळत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये तो प्रयोग झाला आणि कमी उष्मांकामुळे बंद पडला.

जुन्या ढिगांचा विषय त्या लेखाचा नव्हता. तिथे खणून चाळायचं काम आहे, कुजवायचं नाही. त्यावर इथे बोलणार नाही.

तुमची पुढची प्रतिक्रिया मी जरूर प्रसिद्ध करेन. फक्त तुमच्या प्रभागातल्या एका घंटागाडीचा 8 दिवसांचा काट्यावरचा हिशेब सोबत जोडा, ओला किती आणि त्यातून बाजूला काढावं लागलेलं किती. नुसतं ‘नकारघंटा’ असेल तर ती इथे दिसणार नाही.